हातभार : आत्या

—नाही हो डॉक्टरबाई, व्यवसायाच्या रकान्यात काही लिहूच नका, आडवी रेघ मारून टाका. बाहेर बसलेल्या बाईंनीही विचारलं, काम काय करता म्हणून. मी म्हटलं, घरीच असते. तर त्यांनी सरळ 'काही नाही' असं लिहिलं. बरोबरच आहे की! तीन महिन्यांत सहाशेच्या वर कागदाची फुलं केली, एकशे बारा पत्रिका हातानं लिहिल्या, अकरा टेबलांच्या कापडांना कडा घातल्या, एक अख्खा पोशाख उसवून परत शिवला—पण काम विचाराल तर काही नाही. हं, हा घ्या हात. उजवाच. कुठे दुखतं? इथं, मनगटात, आणि मग हा अंगठा—आई गं!—हो हो, तिथंच. फार दुखतं. असह्य. लिहा ना, 'असह्य' असंच लिहा. याला प्लास्टर लागेल ना? कोपरापर्यंत? चांगलं जाड घाला, पांढरंशुभ्र, लांबून कुणाच्याही डोळ्यांत भरेल असं. बरं, हे काय, हे दाबायचं? अंगठा आणि बोट, दोन्हीत धरून? दाबते—हे बघा, दाबलं. काटा कुठे गेला? एवढाच? बघा म्हणजे, जीवच नाही राहिला हातात. मी काय सांगत होते तुम्हाला.

घाई अशी की घरात लग्न आहे. महिन्यावर आलंय. माझ्या भाचीचं, थोरल्या भावाच्या मुलीचं. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त आहे, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती, मुठीत मावेल अशी, म्हणून मी चिंगी म्हणायला लागले, तेच चिकटलं. आता ती चिंगी एवढी उंच झालीय की बोलताना मलाच मान वर करावी लागते. तर तिला म्हणे सगळं हातानं केलेलं हवं. दुकानातलं काही नको, छापील पत्रिका नको, फोनवरनं निमंत्रण तर नकोच नको. वसंतात, बागेत, झाडांना नवी पालवी फुटलेली असताना, मोठ्या झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडून लग्न—आणि प्रत्येक वस्तूत आपल्या माणसाचा हात दिसला पाहिजे. गोड कल्पना आहे. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, अगं, वसंतात लग्न, बागभर फुलं, आणि तुला कागदाची फुलं कशाला? तर म्हणते, आत्या, खरी दुपारपर्यंत माना टाकतात, तुझी पाहुणे घरी नेतील आणि वर्षानुवर्षं ठेवतील. 'तुझी' म्हणाली, हं. लक्षात ठेवा तुम्ही, तेव्हा ती 'तुझी' म्हणाली होती.

आता फूल कसं करतात माहितीये? सोपं वाटतं बघायला. कागदाची पाकळी कापायची, दोन्ही हातांत धरायची आणि मधोमध अंगठ्यानं दाबत दाबत हलकेच बाहेर ओढायची. मग तिला खोलगा येतो, वाटीसारखा. कमी दाबलं तर पाकळी चपटी, जास्त दाबलं तर फाटली. मधलं काय ते अंगठ्याला कळतं, डोक्याला नाही कळत. एका फुलाला नऊ पाकळ्या. म्हणजे तुम्ही त्या बागेत गेलात आणि कुठलंही फूल उचललंत ना, तरी आत माझा अंगठा आहे. आणि माझ्या वहिनीला, म्हणजे चिंगीच्या आईला—सुईत दोरा ओवता येत नाही. चेष्टा नाही करत. दादाच्या शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट बसच्या ड्रायव्हरच्या हाती माझ्याकडे येतो. बटण लावून झालं की परत त्याच ड्रायव्हरच्या हाती जातो. तो ड्रायव्हर एकदा मला म्हणाला, बाई, हा शर्ट आमच्यापेक्षा जास्त प्रवास करतो! हातानं काही म्हणता काही येत नाही तिला. बोलण्यात मात्र हातखंडा. अशी गोड बोलेल की तुम्हीच उठून तिचं काम करून द्याल आणि वर तिचेच आभार मानाल.

काय करताय, टोचताय? टोचा की, मी कुठे नको म्हणतेय. हा फोड होय—तो इस्त्रीचा. परवाच झाला. वास कसला येतोय म्हणून बघितलं तर माझंच बोट इस्त्रीला टेकलेलं. घाई असली की लक्ष राहत नाही हो. तर काय सांगत होते—पत्रिका. मजकूर वहिनीनं पाठवला, आणि लिहायच्या मी, कारण अक्षर माझं. वर दोघांची नावं, तारीख, वेळ, बागेचा पत्ता, सगळं रीतसर. आणि खाली काय लिहिलं होतं सांगू? 'या समारंभातील प्रत्येक वस्तू वधूच्या आईने स्वतःच्या हातांनी, मोठ्या प्रेमाने घडवली आहे.' आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, 'हातभार : आत्या.' आत्या—नुसतं नातं! आणि हे लिहायचं कुणी? मीच! एकशे बारा वेळा, माझ्याच अक्षरात, माझ्याच दौतीतल्या शाईनं. हातभार! हातभार म्हणजे काय हो डॉक्टरबाई? भरलेली पिशवी दुसऱ्यानं उचललेली असते, आपण जाता जाता एक बंद धरतो, तो हातभार. इथं पिशवी माझ्या खांद्यावर, वहिनी बंदाला एक बोट लावून चालतेय, आणि रस्त्यावरचे लोक तिला विचारतायत, दमलीस का गं! हातही माझे आणि भारही माझा.

मी चिंगीला फोन केला. म्हटलं पोरीला ठाऊक नसेल. तर तिला ठाऊक होतं. म्हणाली, "अगं आत्या, आईला तेवढंच बरं वाटेल. लोकांसमोर तिचं नाव झालं तर झालं. तुला कुठे काय फरक पडतो?" हसत हसत म्हणाली, वाईट हेतूनं नाही. तेव्हा मला राग आला. वहिनीचा राग जुना आहे, तो आता मुरलाय, त्याची सवय झालीय. चिंगीचा राग मला आयुष्यात पहिल्यांदा आला. सुटीत माझ्याकडे येऊन राहायची, माझ्या मांडीवर बसून फूल करायला शिकली, पहिलं फूल केलं ते वाकडंतिकडं, कोबीसारखं दिसत होतं, मी ते अजून आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. त्या पोरीनं म्हणावं, तुला कुठे काय फरक पडतो. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. मग ठरवलं, की आता फरक पाडायचा.

तुम्हाला वाटत असेल, एवढ्याशा ओळीवरनं बाई पेटली. थांबा, हात सोडू नका, तुम्ही तुमचं करा, मी बोलते. एकतीस वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. हो, माझं! वसंतातच. तो घड्याळं दुरुस्त करायचा, कोपऱ्यावर एवढंसं दुकान, आत एकच माणूस मावेल. डोळ्याला भिंग लावलेलं असायचं, आणि मी गेले की भिंग न काढताच वर बघायचा, मग एकदम लाजायचा. एकदा माझ्या हाताकडे बघत म्हणाला, असा अंगठा घड्याळजीला असायला हवा होता. यापेक्षा गोड मला कुणी कधी काही बोललेलं नाही, आणि मला त्याची खंतही नाही, तेवढं पुरलं. तर मी माझ्या लग्नाचं सगळं स्वतः केलं होतं. फुलं, टेबलांची कापडं, पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, आणि पोशाख. सायीच्या रंगाचा, पाठीवर बावीस बटणं, प्रत्येक बटणाला त्याच कापडाचं आवरण. तीन आठवडे उरले आणि आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता आईला सोडून मी कशी जाणार? तर दादाचं लग्न आधी लावू असं ठरलं. तोही वहिनीच्या मागे होताच वर्षभर. सून घरात येईल, आईकडे बघेल, मग तू मोकळी, असं म्हणाले सगळे. जागा ठरलेली होती, पाहुणे ठरलेले होते, आणि वहिनी म्हणाली—नवीन होती, तरी म्हणाली—"एवढी तयारी वाया कशाला घालवायची?"

वाया जायला नको म्हणून माझी फुलं तिच्या टेबलांवर गेली. माझी कापडं. आणि पोशाखही. तिला कंबरेत घट्ट होत होता, तर तो सैल कुणी केला असेल? मीच. दीड बोट सोडला. तिला आरशासमोर उभी करून, तोंडात टाचण्या धरून, मी खाली गुडघ्यांवर बसले होते, आणि ती वरनं म्हणाली, "तुझ्या हाताला काय, सवयच आहे." लग्न झालं, तीन महिन्यांत दादाची बदली झाली, दोघं गेली. आई माझ्याकडे राहिली. अकरा वर्षं. घड्याळवाला दोन वर्षं थांबला, त्याला मी नावं नाही ठेवणार, पुष्कळ थांबला. एक दिवस दुकान बंद दिसलं. म्हणजे तयारी वाया नाही गेली, मी गेले, ते चाललं सगळ्यांना.

बरं, हेही मी गिळलं होतं. खरंच. एकतीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? पण दोन महिन्यांपूर्वी वहिनी आणि चिंगी घरी आल्या, हातात एक मोठा खोका. चिंगी म्हणते, आत्या, मी आईचाच पोशाख घालणार, आईनं स्वतः शिवलेला! मी वहिनीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि हसली. कसं सांगू तुम्हाला—दुकानात एखाद्यानं आपल्यादेखत खिशात काही टाकलं आणि वर आपल्यालाच ओळखीचं हसला, तसं. पोरीला इतकी वर्षं तेच सांगितलं होतं. पोरीसमोर काय बोलणार? म्हणाल्या, कंबरेत थोडा आत घे. मी शिवण उसवली तर आत जुनी भोकं, डॉक्टरबाई. सुईची. माझ्या पहिल्या शिवणीची, रांगेनं, एकसारखी. चिंगीची कंबर माझ्या तेव्हाच्या कंबरेएवढीच भरली. मला माप घ्यावंच लागलं नाही, त्याच भोकांतनं सुई घालत गेले. रडले नाही. दोरा संपेपर्यंत शिवत राहिले.

आणि मग त्या पत्रिका आल्या लिहायला. आता नीट ऐका, कारण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्ही डॉक्टर आहात, तुमच्या पोटात राहील. मी ती 'हातभार'ची ओळ गाळली. तेवढी जागा रिकामी झाली. तिथं दुसरी ओळ लिहिली, तशीच लहान, तशीच सुबक: 'समारंभात प्रत्येक पाहुण्यास, त्याच्या आवडीच्या रंगाचे फूल, वधूची आई समोर बसून स्वतःच्या हातांनी करून देईल. कृपया आपला आवडता रंग आधी कळवावा.' हसलात ना? हसा, हसा! वहिनी घरी आली तेव्हा नमुना म्हणून तिला एक पत्रिका दाखवली, ती मात्र तिच्या मजकुराची, शब्द न शब्द. तिनं उलटी केली, सुलटी केली, कागदाचा वास घेतला, छान म्हणाली आणि खाली ठेवली. बाकीच्या एकशे अकरा पाकिटांत भरून तिच्यासमोर टेबलावर होत्या, उघड्या, डिंक लावायच्या बाकी. एक उचलून बघितली असती तर माझं सगळं मुसळ केरात गेलं असतं. पण आयुष्यात कधी हातानं काही केलेलं असेल ना, तर माणूस पाकीट बंद करायच्या आधी पुन्हा एकदा आत बघतो. शिवलेलं उलटं करून बघतो. तिला ती सवयच नाही. तिथंच सापडली. सगळ्या टपालात पडल्या, आणि उत्तरं माझ्याच पत्त्यावर यायचीत, कारण टेबलावरच्या नावाच्या चिठ्ठ्याही मीच लिहायच्या. रोज दोन-चार येतात. नवऱ्या मुलाच्या एका चुलत आजीनं लिहिलंय, 'माझ्यासाठी पिवळं ठेवा, कधी एकदा येते आणि तुमच्या हातची जादू बघते असं झालंय.' त्या आजीची चिठ्ठी मी चार वेळा वाचली.

बाग डोळ्यांसमोर आणा. उन्हं कोवळी, नवी पालवी, पाहुणे नटूनथटून आलेले. झाडाखाली मी एक छोटं टेबल मांडणार, चांगली खुर्ची, कागदाचे ताव रंगारंगाचे, तार, कात्री, सगळं हाताशी. कुणी म्हणायला नको की सोय नव्हती. आणि पिवळ्या फुलाची आजी पहिली येऊन उभी राहणार. तिच्या मागे रांग. वहिनी इकडेतिकडे बघणार. मग माझ्याकडे बघणार—बघणारच, एकतीस वर्षांची सवय आहे, काही अडलं की माझ्याकडे बघायचं. डोळ्यांनी म्हणेल, ये ना गं, मागे बस, पटकन करून दे, मी पुढे करते. आणि तेव्हा मी हा हात वर करणार. प्लास्टरमधला. गळ्यात पट्टी अडकवलेली. 'वहिनी, मी केलं असतं गं, पण बघतेस ना! तुला काय, सवयच आहे.' एवढं एकच वाक्य. रोज भांडी घासताना म्हणून बघते, म्हणजे त्या दिवशी आवाज कापायला नको. मग ती खुर्चीत बसेल, सगळ्यांसमोर, आणि कात्री उचलेल—अंगठा कुठल्या भोकात घालायचा तेही कळणार नाही तिला, बघा तुम्ही. चिंगीही बघेल. चिंगीनं बघावं असंच मला वाटतं. पडू दे जरा फरक.

आता कळलं प्लास्टर कशाला हवंय? मग घाला की. आणि एक दाखला द्या लिहून, ठळक अक्षरात, 'उजवा हात कोणत्याही कामास वापरू नये.' खाली सही, शिक्का. मी घरात काचेत लावेन. तुमचं काय जातंय? कुणाचा जीव थोडाच जाणार आहे! नाही हो, तसं दुखत नाही. मघाशी ओरडले ते—आता तुमच्यापासून काय लपवायचं—मुद्दाम ओरडले. मागच्या वर्षी दुखायचं खरं, मुंग्या यायच्या, हात झटकत बसायची. आता कित्येक महिन्यांत दुखलेलं नाही. बरा झालाय उलट. असं काय बघताय? न दुखणं वाईट? हे बरं आहे तुमचं, दुखलं तरी वाईट आणि नाही दुखलं तरी वाईट!

आणि एक ऐकून ठेवा, मी काही राक्षसीण नाही. बटणं मी हातची राखून ठेवलीत. पोशाखाची, बावीस. जुनी पिवळी पडली होती, चिंगीला नवी हवीत, आवरण घालून तयार आहेत, डबीत ठेवलीत. वहिनी रोज विचारते, बटणं लावलीस का. मी म्हणते, लावते. आता प्लास्टर बघून तिच्या तोंडचं पाणी पळेल—पळू दे महिनाभर! पण लग्नाच्या दिवशी सकाळी मी चिंगीच्या खोलीत जाणार, दार लावून घेणार, हे तुमचं प्लास्टर कात्रीनं कापून काढणार आणि बटणं लावणार. तिला पाठमोरी उभी करून, एकेक करत. आणि वर परत पट्टी गुंडाळून बाहेर येणार. मी काय पोरीला उघड्या पाठीनं बागेत पाठवणार होते? लावताना तिला सांगणार होते, पोशाख कुणी शिवला ते. जास्त काही नाही, एवढंच. लावेल हो दुसराही कुणी, बटणंच तर आहेत, गल्लीतला कुठलाही शिंपी अर्ध्या तासात लावेल. माझ्यावाचून अडणार नाही ते माहितीये मला. पण मला लावायचीत.

म्हणून म्हणते, हात ठणठणीत आहे, तुम्ही फक्त बांधून द्या. परत दाबू? द्या इकडे ते यंत्र. मघाशी मी मुद्दाम हळू दाबलं होतं, तुम्हाला फसवायला. आता बघा खरं दाबते. हं. बघा.—काटा किती? थांबा, धरायचं चुकलं असेल. सरळ धरते, टेबलावर कोपर टेकून. हं! आता?—तेवढाच? मघाशी होता तिथंच? बिघडलंय हो तुमचं यंत्र. तुम्ही दाबून दाखवा बरं.—अगं बाई. मग परत द्या. मी दाबतेय, डॉक्टरबाई. सगळा जोर लावून दाबतेय.

ही काय पिशवी? डोळे मिटून हात घालायचा आणि आत काय आहे ते सांगायचं? लहान मुलांचा खेळ आहे हा. हं, मिटले. गार आहे... नाही, गार नाही. नाणं आहे. नाही? गोल तर असेल ना? किल्ली? थांबा, घाई करू नका, अंगठा फिरवू दे नीट. काही नाहीच आहे यात. तुम्ही रिकामी पिशवी दिलीत मला. आहे? काय आहे?—उघडू डोळे?

बटण.

बटण आहे होय.

मला बटण कळलं नाही.

नाही, बोला तुम्ही, ऐकतेय मी. मनगटात नस दबलीय. किती वर्षं? हो, फुलं तर मी विशीपासून करते. हा अंगठ्याखालचा भाग बसलाय? मला वाटलं वयानं बसलाय. डाव्याचा बघा... हो, डाव्याचा भरलेला आहे. आणि शेवटच्या त्या तीन महिन्यांनी उरलंसुरलं संपवलं. म्हणून गेल्या पंधरवड्यात पाकळ्या फाटत होत्या. मी कागदाला शिव्या देत होते. ऑपरेशननं काय होईल? आणखी बिघडणार नाही. आणि गेलेलं येईल? तुम्ही 'बघू' म्हणालात, डॉक्टरबाई, आईच्या वेळी तिचे डॉक्टरही 'बघू' म्हणाले होते. सुई? सुई नाही. कात्री नाही. आजपासून? म्हणजे त्या दिवशी सकाळीही नाही. अर्धा तासही नाही? बावीसच आहेत हो.

फोन वाजतोय माझा. बघा कुणाचा आहे, माझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात. वहिनी? बटणांसाठीच असेल. वाजू द्या. तिला आज खरंच सांगता येईल, एक शब्द खोटा नाही. गंमत बघा, लिहिताय ते तेच आहे ना? 'उजवा हात कोणत्याही कामास वापरू नये.' मी सांगितलं होतं, अगदी तसंच. मला वाटलं होतं, तुमच्या पाया पडावं लागेल असं लिहून घ्यायला. ती फुलं करायला बसेल तेव्हा मी हात वर करणार होते ना—तो तर आता न बांधताच... तिला हेही फुकट मिळालं. पोशाख मिळाला, फुलं मिळाली, आता अंगठाही तिच्या टेबलांवर मांडून झाला. आणि ओळ आपली तीच. हातभार.

बांधा. तसंच, कोपरापर्यंत, ठरलं होतं तसं. घट्ट बांधा, मला काही कळणार नाहीये. पिवळ्या फुलाची आजी येणार आहे, वहिनीला बसावं लागणार आहे खुर्चीत, त्यातलं काही बदललेलं नाही, मी काही बदलणार नाही. मी समोर उभी राहणार आणि बघणार. पाठीवर बटणं कुणीतरी लावलेली असतील.

डाव्या हातानं बटण लावायला माणूस किती दिवसांत शिकतो हो? महिन्यात—नाही, राहू द्या, सांगू नका. तो कागद घाला पिशवीत. वरचा रकाना आहे तसाच ठेवा, 'काही नाही', आता बरोबर आहे ते. पुढच्या बाईंना बोलवा, बिचाऱ्या केव्हाच्या बसल्यायत. आणि दार तेवढं उघडून द्या. बघत काय राहिलात? हात तुम्हीच बांधलाय ना.